आजीच्या लाल गुलाबाचं नाव काय? आधी कलम करा, नाव मागून शोधू

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. आजीच्या घरामागे काळपट लाल, भरपूर वासाचा गुलाब आहे. ते घर आता दुसऱ्याच्या ताब्यात जाणार. फोटो दाखवून नर्सरीतून आणलेला लाल गुलाब दिसायला तसाच, पण वासाला कोरा निघाला. आणि यंदा मूळ झाडाच्या बुडातून बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके आलेत. तुम्ही पहिल्यांदा नाव विचारलंत. मी क्रम उलटा करतो. झाड हातचं गेलं तर नाव कळून उपयोग नाही. झाड हाताशी असलं तर नाव शोधायला पुढची दहा वर्षं पडली आहेत.

सुरुवात पांढऱ्या फुलांपासून करू, कारण बाकीचं बरंच त्यावर अवलंबून आहे. तुमचं झाड डोळा भरून, म्हणजे एका गुलाबाचा अंकुर दुसऱ्याच्या सालीत बसवून, केलेलं कलम आहे. खाली रानगुलाबाचा खुंट आणि वर आजीचा लाल गुलाब. पांढरी फुलं खुंटाची आहेत, आणि वर्णनावरून तो रोझा मल्टिफ्लोरा असावा. खात्री करायची तर पानाच्या देठाचं बूड बघा. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पातळ झालर असते, तिला उपपर्ण म्हणतात. मल्टिफ्लोरात या झालरीची कड बारीक तंतूंनी कातरलेली असते. लाल फुलाच्या फांदीवर तीच झालर साध्या कडेची दिसेल. पांढऱ्या फुलाच्या मधोमध स्त्रीकेसरांचे तंतू एकत्र चिकटून लहानसा खांब उभा राहिलेला दिसला, तर शंकेला जागाच उरत नाही.

सात पानांची फांदी रानटी आणि पाच पानांची कलमी, हा नियम तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. त्यावर विसंबून कात्री चालवू नका. चांगल्या जातिवंत गुलाबालाही सात पर्णिकांची (एका देठावरच्या छोट्या पानांची) पानं येतात, आणि या नियमापायी लोकांनी नव्या जोमदार फुटी कापून टाकल्याचं मी पाहिलेलं आहे. फूट कुठून निघाली, एवढंच बघायचं. बुडाशी जी जाड गाठ असते ती कलमाची जागा. तिच्या खालून निघालं ते खुंटाचं. माती उकरून ती फूट जिथून निघाली तिथपर्यंत जा आणि खाली ओढून मुळापासून उपटा. वरवर कापलीत तर बुडातले झोपलेले डोळे जागे होतात आणि एकाच्या जागी चार फुटी येतात.

खुंट पांढऱ्या फुलांचा निघाला हे तुमचं नशीब. पुष्कळ ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात, ‘डॉक्टर ह्युई’ नावाचा गुलाब खुंट म्हणून वापरला गेला. त्याची फुलं गडद लाल, थोड्या पाकळ्यांची, मध्ये पिवळे पुंकेसर, आणि बहर वर्षातून एकदाच. वरचं कलम थंडीने किंवा दुर्लक्षाने मरून जातं, खुंट वाढतो, आणि घरातली माणसं पुढची तीस वर्षं त्यालाच ‘आजीचा गुलाब’ म्हणून जपतात. आजीने लावलेला गुलाब कदाचित गुलाबी होता, पिवळाही असेल. पण आठवण तोवर लाल रंगावर पक्की बसलेली असते. तुमच्याकडे हा घोळ नाही.

आता रोप वाचवण्याचं. दोन मार्ग एकदम धरा, एकावर भरवसा ठेवू नका.

पहिला मार्ग कांड्यांचा. नुकतंच फूल ओसरलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. ती पक्व आहे का हे बघायला काटा अंगठ्याने बाजूला ढकला. कडकन आणि स्वच्छ तुटला तर फांदी तयार आहे. साल ओढत निघाला तर अजून कोवळी आहे. चार-पाच डोळ्यांची, पंधरा ते वीस सेंटिमीटरची कांडी करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) असलेली पूड बुडाला लावा आणि कांडी जाड वाळू व कोकोपीटच्या मिश्रणात अर्धी पुरा. वरून पारदर्शक पिशवी किंवा कापलेली बाटली घाला, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. चार ते आठ आठवडे लागतात. मधल्या काळात उपटून मुळं बघण्याचा मोह टाळा. पानं फुटली म्हणजे मुळं आली असं होत नाही. कांडी स्वतःच्या साठ्यावरही पानं काढते आणि मग एक दिवस काळी पडते. निदान डझनभर कांड्या लावा, कारण गडद लाल हायब्रिड टी (एका दांड्यावर एकेक मोठं फूल देणारे) गुलाब मुळं धरायला कुरकुर करतात, आणि धरली तरी स्वतःच्या मुळांवर त्यांतले काही आयुष्यभर किरकोळच राहतात.

म्हणून दुसरा मार्ग, डोळा भरण्याचा. हा मला जास्त खात्रीचा वाटतो. तुम्हाला स्वतःला जमत नसेल तर कलमं बांधणाऱ्या एखाद्या जाणत्या माळ्याकडे काड्या पोहोचवा. काड्या नेताना पानं कापून टाका पण पानांचे देठ ठेवा. डोळा धरायला ती मूठ असते, आणि भरलेला डोळा जगला की तो देठ दोन-तीन आठवड्यांत हात लावताच गळून पडतो. सुकून चिकटून राहिला तर डोळा मेला समजा. काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या तर आठवडाभर सहज टिकतात.

अख्खं झाड उपटून नेण्याचा विचार शेवटी ठेवा. म्हाताऱ्या झाडाची मुळं जाड आणि थोडकी असतात, तंतुमुळं कमी, त्यामुळे यश अनिश्चित. नेणारच असाल तर आधी कलमं हाती येऊ द्या. मग वाढ मंदावलेल्या काळात फांद्या एक-तृतीयांशावर आणून, जमेल तेवढी माती घेऊन हलवा.

नावाकडे वळू. फूल सगळ्यात शेवटी बघायचं, हे ऐकायला विचित्र वाटेल. लाल गुलाब हजारोंनी आहेत, आणि फोटोत लाल रंग सगळ्यात खोटं बोलतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मखमली काळपट लाल रंग पेलत नाही. तो त्याला भडक तरी करतो नाहीतर चिखल करतो. फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपना जात कळत नाही, ती फार तर ‘गुलाब’ एवढं बरोबर सांगतात. नर्सरीतल्या माणसाने तुमचा फोटो बघून जवळचा लाल गुलाब दिला, यात त्याचा फारसा दोष नाही.

झाडाची नोंद अशा क्रमाने करा. झाडाचा बांधा सरळ उंच की पसरट. काट्यांचा आकार, दाटी, कोवळ्या काट्याचा रंग. कोवळी पालवी तांबडी की हिरवी, जून पान चकचकीत की निस्तेज. फुलाचा देठ गुळगुळीत की केसाळ. त्यावरच्या बारीक ग्रंथी बोटाला चिकट लागतात का. मग निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पाच हिरवी पानं. युरोपात त्यांच्यावर एक जुनं कोडं आहे: पाच भाऊ एकाच वेळी जन्मले, दोघांना दाढी, दोघांना नाही, आणि पाचव्याला अर्धीच. पुष्कळ गुलाबांची निदलं खरंच अशी असतात. बाहेरच्या दोघांना दोन्ही कडांनी झालर, आतल्या दोघांना साधी कड, आणि एकाला एकाच बाजूने. चिनी गुलाबांत बहुतेक सगळे बिनदाढीचे. नाव ठरवायला एकट्या निदलांचा उपयोग नाही, पण दोन झाडं शेजारी ठेवून एकच जात आहे का हे तपासायला ती फार कामाची. शेवटी पाकळ्या: एक फूल पूर्ण सोडवून मोजा, असं तीन फुलांचं करा, कारण हवामानाने संख्या खालीवर होते.

आठवणी इथे फार उपयोगी पडतात, मात्र प्रश्न नीट विचारले पाहिजेत. ‘वास कसा होता?’ असं विचारलं की प्रत्येक जण ‘अहाहा’ म्हणतो. त्यातून हाती काही लागत नाही. वासाची आठवण इतकी जोरकस का, याला शरीरातलं कारण आहे. डोळ्या-कानांकडून येणारे संदेश मेंदूत थॅलॅमस नावाच्या केंद्रातून फिरून जातात, वासाचा संदेश मात्र तो वळसा न घेता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांना थेट जाऊन भिडतो. म्हणून वास आला की माणूस आधी हेलावतो आणि मग कुठला वास ते आठवायला लागतो. तुमच्या आईला, मावशीला विचारायचं ते असं: फूल मान टाकायचं का, की ताठ असायचं? फुलदाणीत ठेवल्यावर दोन दिवसांनी पाकळ्या जांभळट पडायच्या का? पूर्ण उमलल्यावर मधले पिवळे केसर दिसायचे का? पानांवर पांढरी पूड यायची का? आजीने झाड भिंतीला टेकवलं होतं का, काठी लावली होती का? फुलं वर्षभर यायची की एकाच बहरात? वाळलेल्या पाकळ्यांना वास राहायचा का? लोकांना ही उत्तरं माहीत असतात, फक्त ती उपयोगाची आहेत हे माहीत नसतं.

तुम्ही लिहिलंय की झाड 1970च्या आसपास लावलं, वर्षातून अनेकदा फुलतं, एका दांड्यावर बहुधा एकच मोठं फूल येतं. त्यात ते कलमी, म्हणजे कोणीतरी नावानिशी विकलेलं. हे हायब्रिड टी घराण्याचं लक्षण. त्या काळातले सुगंधी काळपट लाल म्हटले की माझ्यापुढे पाच नावं येतात, आणि गंमत म्हणजे ती पाचही एकमेकांच्या नात्यातली आहेत.

सगळ्यात वडीलधारा ‘क्रिमझन ग्लोरी’, जर्मनीत गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या कोर्डेस यांचा, 1935चा. वास अप्रतिम, पाकळ्या साधारण तीस, झाड बुटकं-पसरट, आणि मान कमकुवत. फूल खाली बघतं. याचा वेलगुलाब प्रकारही निघाला, तो भिंतीवर छान दिसतो, कारण खाली झुकलेली फुलं आपल्याकडे बघतात. त्याचा नातू ‘क्रायस्लर इम्पीरियल’, 1952चा, अमेरिकेतल्या लॅमर्ट्स यांचा. झाड आटोपशीर, पाकळ्या चाळीस-पन्नास, फूल जुनं होताना जांभळट पडणारं. (पाकळी म्हातारी होते तशी तिच्या रसातली आम्लता कमी होते आणि लाल रंगद्रव्य निळ्याकडे झुकतं.) पुढची तीन सख्खी भावंडं. ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल माल्लरँ’ या एकाच जोडीपासून 1963 साली फ्रान्समध्ये ‘पापा मेयाँ’ आला, आणि 1964 साली अमेरिकेत स्विम आणि वीक्स यांनी ‘मिस्टर लिंकन’ व ‘ओक्लाहोमा’ आणले.

ही तीन भावंडं वेगळी कशी काढायची? ‘मिस्टर लिंकन’ उंच आणि सरळ, दांडा लांब, कळी देखणी. पण फूल उमललं की पेल्यासारखं उघडतं आणि केसर दाखवतं. ‘पापा मेयाँ’ रंगाने मखमली, कळीवर जवळजवळ काळी छटा, वास तिघांत माझ्या नाकाला सरस. पण झाड नाजूक आणि भुरीचं, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीचं, लाडकं. ‘ओक्लाहोमा’ पाकळ्यांनी गच्च, फूल मोठं गोलसर आणि जड, म्हणून वाकतं. थंड दमट हवेत नीट उमलत नाही. तुमच्या आईला पिवळे केसर आणि खांद्याएवढं उंच झाड आठवत असेल तर मी ‘मिस्टर लिंकन’कडे झुकेन. दरवर्षी पानं पांढरी पडायची, असं कोणी म्हणालं तर ‘पापा मेयाँ’कडे. मान टाकणारं फूल आणि पसरट झाड असेल तर ‘क्रिमझन ग्लोरी’. यातलं काहीच जुळलं नाही तर नाव सक्तीने चिकटवू नका. त्या काळातले कितीतरी लाल गुलाब आज कुठल्याच यादीत विक्रीला नाहीत.

डीएनए तपासणीबद्दल तुम्ही विचारलंय. ती दोन झाडं एकच आहेत का हे सांगू शकते, पण त्यासाठी खात्रीच्या नावाचा नमुना शेजारी हवा. शिवाय एखाद्या फांदीवर आपोआप वेगळ्या रंगाचं फूल आलं आणि त्याचीच नवी जात झाली, तर नेहमीच्या तपासणीत मूळ झाड आणि ही नवी जात सारखीच दिसतात. घरगुती शोधासाठी हा खर्च मला वायफळ वाटतो.

नर्सरीतल्या गुलाबाला वास का नाही? लाल रंग आणि गुलाबाचा वास यांचा एकमेकांशी संबंध नाही. 2015 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ‘पापा मेयाँ’ आणि बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ हे दोन लाल गुलाब शेजारी ठेवून तपासले. जिरॅनिऑल आणि त्याच्या जवळच्या सुवासिक द्रव्यांच्या निर्मितीत NUDX1 नावाचं एक जनुक काम करतं, आणि ते वासाच्या गुलाबात जोरात, बिनवासाच्यात जवळजवळ बंद, असं त्यांना आढळलं. फुलदाणीत जास्त दिवस टिकणारा, प्रवास सोसणारा गुलाब निवडत गेलेल्या पैदासकारांच्या हातून वास मागे पडला. तुमच्या नव्या झाडात ते द्रव्यच बनत नसेल तर खत-पाणी बदलून ते येणार नाही. पण निकाल देण्यापूर्वी एक करा. स्वच्छ उन्हाच्या सकाळी, हवा थोडी तापल्यावर, अर्धवट उमललेलं फूल हुंगून बघा. कडक दुपारी वास उडून गेलेला असतो, गारठ्यात सुटतच नाही, आणि पूर्ण उमललेलं शिळं फूल जवळजवळ रितं असतं.

नवीन रोप लावायची जागा नीट निवडा. किमान सहा तास ऊन, त्यातही सकाळचं. पाणी न तुंबणारी माती. आणि जिथे आधी वर्षानुवर्षं गुलाब होता ती जागा नाही. गुलाबाच्या जुन्या जागी नवा गुलाब खुरटतो. तिथेच लावायचं असेल तर निदान अर्धा मीटर खोल-रुंद माती बदला. थोडी आम्लधर्मी, सामू (pH) सहा ते साडेसहाची माती सगळ्यात बरी. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर तो लोहाचा तुटवडा; अशा वेळी जास्त शेणखत घालून तो सुटत नाही, लोहाचं चिलेट (मुळांना शोषता येईल अशा रूपातलं लोह) द्यावं लागतं.

रोगांत दोनच नीट समजून घ्या, कारण त्यांचे स्वभाव उलटे आहेत. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं राहावं लागतं. म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका आणि गळलेली पानं झाडाखाली ठेवू नका. भुरीला ओलं पान नकोच असतं. कोरडे दिवस, दमट रात्री आणि कोंदट जागा मिळाली की ती पसरते. त्यामुळे पावसाळी हवेत ठिपक्यांवर लक्ष आणि कोरड्या हवेत भुरीवर. वेळीच दिसली तर सकाळी पानं पाण्याने धुतली तरी भुरी आटोक्यात राहते. ओसरलेलं फूल काढताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या दमदार डोळ्यावर कापा; हवामानाप्रमाणे सहा ते आठ आठवड्यांनी पुढचं फूल येतं. मुख्य छाटणी, जिथे कडक हिवाळा असतो तिथे थंडी ओसरताना, जिथे पाऊस आणि उष्णता असते तिथे पाऊस संपल्यावर.

नव्या कलमाची पहिली फुलं बघून निराश होऊ नका. ती लहान, कमी पाकळ्यांची आणि फिकट येतात. आजीच्या गुलाबाशी तुलना दुसऱ्या वर्षीच्या बहरापासून करा, आणि शक्य असेल तर दोन्हींची फुलं एकाच सकाळी शेजारी ठेवून.

तोवर त्याला काहीतरी म्हणावं लागेलच. जुन्या गुलाबांचे शोधक अशा बिननावाच्या गुलाबाला कामचलाऊ नाव देतात: सापडलेल्या जागेचं किंवा ज्यांच्याकडे मिळाला त्या घराचं. अमेरिकेत टेक्ससमध्ये ‘केटी रोड पिंक’ या नावाने असा एक सापडलेला गुलाब बरीच वर्षं वाढवला गेला. पुढे तो ग्रिफिथ बक यांचा ‘केअरफ्री ब्यूटी’ असल्याचं ठरलं. तुम्हीही रोपाजवळ खोवायच्या छोट्या फळीवर आजीचं नाव, जागा, कलम केलेला महिना आणि ‘नाव अनिश्चित’ एवढं पेन्सिलीने लिहा. शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. ‘मिस्टर लिंकन’ असं तुम्ही अंदाजाने लिहिलंत तर पुढच्या माणसाला तो अंदाज होता हे कळणार नाही. आणि एक रोप तयार झालं की दुसरं लगेच करून ते वेगळ्या घरी, वेगळ्या मातीत लावा.